उद्याची पानं

९ जून

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. तुम्ही सगळे मजेत आहात आणि चिमीचा पुढचा दात एकदाचा पडला, हे वाचून बरं वाटलं. मीही ठीक आहे. खोलीतला नळ गळायचा थांबला, खोकला गेला, शेजारच्या खोलीतली मुलगी अजून तेच एक गाणं म्हणते. माझी खुशाली एवढ्यात संपते.

फोन असताना पत्र कशाला, असं भाऊजी विचारतील. त्यांना सांग, फोनवर ते स्पीकर लावून शेजारी बसतात आणि माझ्या प्रत्येक वाक्यावर 'बरोबर आहे' म्हणतात. इतकं बरोबर बोलायची मला सवय नाही.

तू विचारलंस, 'तू नक्की करतेस तरी काय? शिवणवर्गात बायका विचारतात आणि मी नुसती कंप्युटर कंप्युटर करते.' तर ऐक. म्हणजे त्यांनाही सांगता येईल.

तुमच्या कॉलनीमागे कारखान्याचा गाळाचा तलाव आहे. त्याला अडवणारा मातीचा बांध तू स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज बघतेस. त्या बांधात उभ्या नळ्या पुरल्या आहेत. बांधाच्या पोटात पाणी किती चढलंय ते त्या नळ्यांत कळतं. पाणी खोल असेल तर बांध कोरडा आणि घट्ट. वर आलं तर माती भिजत चालली. प्रत्येक नळीत मोजणारं एक यंत्र सोडलंय आणि त्याची केबल बांधावरच्या चौकीत येते. मागे कॉलनीतल्या लोकांनी ओरडा केला होता ना, आम्हाला कोणी काही सांगत नाही म्हणून? तेव्हापासून मोठ्या साहेबांच्या मनात होतं, की ही पातळी प्रत्येकाला आपापल्या फोनवर दिसावी. मोजमापाचा विभाग भाऊजींकडे. त्यांनी आमच्या चिमुकल्या कंपनीचं नाव सुचवलं. मेहुणीचं भलं झालं.

मी केलाय तो एक डबा. जेवणाच्या डब्याएवढाच. आत एक पट्टी, पट्टीवर नखाएवढी चिप, चिपमध्ये छोटा सर्व्हर. सर्व्हर म्हणजे पंगतीतला वाढपी समज. फोन म्हणतो, 'आजचं पान दे.' वाढपी फोल्डरमधून ते पान उचलतो आणि देतो. पान नसेल तर 'सापडलं नाही' म्हणतो. तो स्वतः काही लिहीत नाही, मोजत नाही, विचार तर मुळीच करत नाही. त्याला एवढंच पाहावं लागतं, की मागणाऱ्याने आडवाटेने भलत्याच फोल्डरमध्ये हात घालू नये, आणि देताना हे पान आहे की चित्र, ते फोनला नीट सांगावं. हे दुसरं मी सुरुवातीला विसरले होते. भाऊजींनी पान उघडलं तर त्यांच्या फोनवर पानाऐवजी नुसती फाइल उतरली. 'काय मेहुणीबाई, वाढायला सांगितलं तर शिधा हातात दिलात!' म्हणाले. खूप हसले. मीही हसले. एका ओळीची चूक होती.

सगळंच इतकं सोपं आहे, की त्यांनाही शिकवलं. फोल्डर उचलायचं, कुठल्याही कंप्युटरवर ठेवायचं, एक ओळ चालवायची, झाला सर्व्हर. डबाच लागतो असं नाही. त्यांनी माझ्यासमोर दोनदा करून पाहिलं. शिकायची हौस आहे त्यांना, हे मान्य करायला हवं.

मी एक विचारलं होतं. फाइली चिपमध्ये एकदा भरल्या की त्या तशाच राहतात, मग रोजची पातळी रोज कशी बदलणार? ते म्हणाले, 'मी फोल्डर जसं देतो तसं तू आत बसव. रांधणं माझ्याकडे, वाढणं तुझ्याकडे.' फोल्डर आलं, तर ते चिपमध्ये मावेना. माझे दोन दिवस काटछाट करण्यात गेले. आता मावलं.

तू लिहिलंस, की बायकांना फोन दाखवून तू सांगतेस, 'हे पान माझ्या बहिणीने केलंय.' तसं सांगत जाऊ नकोस. काही खास नाही त्यात.

चिमीला पापा. सासूबाईंना नमस्कार.

तुझी,
धाकटी


३ जुलै

प्रिय ताई,

हे पत्र मुद्दाम शिवणवर्गाच्या पत्त्यावर पाठवतेय. घरी नेलंस तरी चालेल, पण आधी तिथेच वाच. कारण विचारू नकोस. विचारलंस तर मी म्हणेन, तुमचा पोस्टमन विसरभोळा आहे.

तुझ्या पत्रात बातम्या पुष्कळ होत्या. भाऊजींची बदली ठरली, एक सप्टेंबरला नव्या जागी हजर व्हायचं, हे चांगलं झालं म्हणायचं. सासूबाईंना त्यांनी आत्तापासूनच तुझ्या नणंदेकडे पोचवलं, गुडघ्यांना तिकडची हवा मानवते म्हणून. तू म्हणालीस, 'मग आम्हीही जातो की तिकडे, चिमीची शाळा फार पुढे जायच्या आत.' त्यावर ते म्हणाले, 'मोजमापवाल्याचं घर रिकामं झालं तर आळीतले लोक काय समजतील?' तू हे हसून लिहिलंयस. मी ते वाक्य परत परत वाचलं.

हल्ली ते बाहेरच्या खोलीत झोपतात आणि थकून बुटांसकटच आडवे होतात, असंही लिहिलंयस. 'बिचारे' हा तुझा शब्द.

आणि पुदिना. मागच्या दारापाशी तू लावलेला पुदिना यंदा पाणी न घालताच फोफावला, जमीन आपोआप ओली राहते, देवाने नळच सोडलाय जणू. शेजारीण जुडी मागून नेते. ताई, मी तुझ्याकडे एक काम सोपवते आणि ते तू अगदी मी सांगते तसं करायचंस. पुदिन्याच्या वाफ्यात हाताने एक खळगा कर. त्यात पाणी साठलं की काचेच्या ग्लासात भर आणि ग्लास खिडकीत ठेव. हलवू नकोस. दुसऱ्या दिवशी बघ, पाणी नितळ राहिलं की तळाशी काही बसलं. बसलं असेल तर त्याचा रंग कोणता. बागेतल्या मातीसारखा की बांधामागच्या गाळासारखा, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल. मला फोनवर सांगू नकोस. लिहून कळव.

नितळ असेल तर काळजीचं काही नाही. बांध थोडाफार झिरपतोच. पण पाणी येताना माती घेऊन येत असेल तर ती माती कुठूनतरी निघते आहे, एवढंच.

मागच्या पत्रात फोल्डर मावेना असं लिहिलं होतं. का मावेना ते लिहिलं नव्हतं. आत एकाच पानाऐवजी तारखेतारखेची पानं होती. डबा त्या दिवसाची तारीख बघतो आणि त्या तारखेचं पान देतो. मला वाटलं, नमुन्याची असतील, खरी नंतर येतील. मी चित्रं बारीक केली, पानं दाबून बसवली, पुढे गेले. परवा फोनवर तू मोठ्या कौतुकाने आजची पातळी वाचून दाखवलीस, 'दोन पुरुष खाली, हिरवं,' म्हणजे पाणी दोन माणसांच्या उंचीएवढं खोल, काळजी नाही. तेव्हा ते फोल्डर माझ्यासमोर उघडं होतं.

आकडा तोच होता.

योगायोग असू शकतो. पातळी रोज फारशी हलत नाही. मी मोजल्याशिवाय बोलत नाही हे तुला माहीत आहे. लहानपणी तू याच गोष्टीवरून मला 'फूटपट्टी' म्हणायचीस.

डब्यात एक बारीक बिघाड आहे असं मी भाऊजींना कळवलंय. तो नाहीये. पण त्यासाठी मला यावं लागेल. दोन दिवस तुझ्याकडे राहीन. मी आले की या पत्राचा विषय काढू नकोस.

तुझी,
धाकटी


२० जुलै

प्रिय ताई,

दोन दिवस तुझ्या घरी राहिले, तुझ्या हातचं जेवले, चिमीला गोष्टी सांगितल्या आणि जे सांगायला आले होते ते न सांगता निघाले. तुला वाटलं असेल, ही नेहमीसारखीच घुमी. या वेळी तसं नव्हतं.

आले त्या संध्याकाळी तू ग्लास दाखवायला मला खिडकीशी नेलंस. तळाला बोटाच्या पेराएवढा थर बसला होता. राखाडी. मी काही बोलायच्या आत भाऊजी मागे उभे होते. 'हे काय भरून ठेवलंय? डास होतील.' त्यांनी ग्लास उचलला, मोरीत ओतला, विसळला आणि पालथा घातला. तू म्हणालीस, 'अहो, शास्त्राचा प्रयोग होता तिचा!' ते हसले. माझ्याकडे बघून हसले नाहीत.

मग दोन्ही दिवस ते घरीच होते. रजा काढली म्हणाले, मेहुणी रोज रोज येते का. आपण भांडी पुसत होतो तेव्हा दारात, अंगणात गेलो तर अंगणात. आणि तू मला म्हणालीस, 'आळीतले लोक घाबरतात, पण मला भीतीच वाटत नाही बघ. सकाळी उठले की आधी तुझं पान उघडते. हिरवं दिसलं की चुलीकडे वळते.' माझ्या हातात तेव्हा कढई होती. मी ती पुसत राहिले.

निघायच्या दिवशी सकाळी चौकीत गेले. भाऊजी खाली स्कूटरपाशी थांबले, त्यांना म्हणे धाप लागते. वर सोबत पंपवाला काका आला. तो बडबड्या आहे. नळीचं झाकण उघडताना म्हणाला, 'मॅडम, ही नळी आमच्या सासूसारखी. पोटात काय चाललंय ते तोंडावर दिसायचं नाही.' मी म्हटलं, काका, आज विचारून बघू. पिशवीतली टेप काढली आणि आत सोडली. पान म्हणत होतं, पाणी दोन पुरुष खाली. टेप ओली झाली तेव्हा माझं कोपर अजून नळीच्या बाहेर होतं, म्हणजे पाणी हातभरही खाली नव्हतं.

काकाने वाकून नळीत पाहिलं. मग म्हणाला, 'टेप चुकली असेल.' मी पुसून परत सोडली. पुढच्या नळीत सोडली. तिसऱ्या नळीपाशी तोच म्हणाला, 'राहू द्या मॅडम.' त्याच्या बहिणीचं घर तुमच्याच आळीत आहे. त्याने जाताना माझा निरोप घेतला नाही. धावतच उतरला.

यंत्रांच्या केबली चौकीच्या कोपऱ्यात होत्या. तोडलेल्या नव्हत्या. छान गोल गुंडाळून, प्रत्येक गुंडाळीला पट्टी बांधून, भिंतीवरच्या खिळ्यांना टांगल्या होत्या. तोडलेल्या वस्तूची मला इतकी भीती वाटत नाही, चिडून कोणीही तोडतो. ही कामं सावकाश, हात पुसून केली होती. मी त्यातली एक सोडवली आणि तिथेच चौकीत बसवलेल्या माझ्या डब्याला जोडली. डब्याच्या मागच्या बाजूला, दिसणार नाही अशी. डबा आता खरी पातळी मोजतोय, फक्त कोणाला दाखवत नाही.

आता जे टाळत आले ते. फोल्डरमधली पानं नमुन्याची नव्हती, ताई. उद्याचं पान माझ्याकडे जूनपासून आहे. परवाचंही. पुढच्या आठवड्यात आकडा जरासा वर जातो, मग परत खाली येतो, म्हणजे कोणाला खोटं वाटू नये. हे करायला अक्कल लागते, आणि ती मोजमाप कळणाऱ्या माणसाचीच असते. शेवटचं पान एकतीस ऑगस्टचं. त्यापुढे काही नाही. एक सप्टेंबरचं पान मागितलं तर डबा म्हणतो, सापडलं नाही.

भाऊजी एक सप्टेंबरला नव्या जागी हजर होणार आहेत.

बांध कधी फुटेल हे त्यांना माहीत आहे, असं मी म्हणत नाही. ते कोणालाच माहीत नसतं. त्यांना फक्त त्या तारखेपर्यंत पोचायचंय. खरी पातळी वर कळवली असती तर कारखाना थांबला असता आणि आजवर का कळवली नाही असं आधी त्यांनाच विचारलं असतं. कदाचित त्यांना कोणीतरी तसं करायलाही सांगितलं असेल. ते तुला किंवा चिमीला इजा व्हावी असं मनात आणणारे नाहीत. पण त्यांनी आपल्या आईला हलवलं आणि तुला ठेवलं. बूट घालून झोपतो तो माणूस थकलेला नसतो.

तू म्हणशील, तक्रार कर. केली. बांध तपासणाऱ्या सरकारी पाहणी कार्यालयाला फोन लावला. तिथला माणूस सौम्य होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'मॅडम, तुम्ही उगाच काळजी करताय. मी आत्ता समोरच बघतोय की. हिरवं आहे.' मी म्हटलं, ते पान मीच बसवलंय. तो म्हणाला, 'मग तर प्रश्नच मिटला.' आमच्या मालकांना सांगितलं. ते म्हणाले, 'पान उघडतं ना? मग आपलं काम झालं.'

म्हणून मी एक ठरवलंय. डब्यातला प्रोग्रॅम मला इथून बदलता येतो. सोमवारी सकाळी, लोक उठून फोन बघतात त्या वेळी, वाढपी फोल्डरमधलं पान देणार नाही. जोडलेल्या केबलीवरून मोजेल आणि जे आहे ते दाखवेल, लाल रंगात. आळीतल्या प्रत्येक फोनवर, पाहणी कार्यालयात, मोठ्या साहेबांच्या टेबलावर. हे कोणी केलं ते भाऊजींना लगेच कळेल. तेव्हा तू त्या घरात असायला नको.

रविवारी चिमीला घेऊन नीघ. नणंदेकडे सासूबाईंना बघायला जाते म्हण, त्याला ते नाही म्हणू शकणार नाहीत. सामान घेऊ नकोस. रविवारी संध्याकाळी मी तिथे फोन करीन. तुझा आवाज ऐकला की मी सोमवारचं काम करीन.

मी तुझ्यापाशी आजवर कधी काही मागितलं नाही. मागायची वेळच तू येऊ दिली नाहीस.

तुझी,
धाकटी


२७ जुलै

ताई,

खुशाली विचारत नाही, वेळ नाही. शिवणवर्गाच्या बाकावर बसून लिहितेय. समोर वर्गाच्या बाई बसल्यात, त्या चिमीच्या फ्रॉकला खिसा लावतायत. हे पत्र त्या खिशात येईल. फ्रॉक त्या स्वतः तुझ्या हातात देणार आहेत, मापं बघायची आहेत असं सांगून. खिसा आतून शिवलेला आहे, टाका उसव.

माझं मागचं पत्र तुला मिळालंच नाही. बाई म्हणाल्या, 'तुझे भाऊजी आले होते गं, टपाल असेल तर द्या, घरीच चाललोय म्हणाले. मी दिलं. घरच्या माणसाला कशी नाही म्हणू?' त्यांची काही चूक नाही. मग मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, फोन काढला, पान उघडलं आणि मला दाखवलं. तरीसुद्धा त्या आता खिसा शिवतायत. मी त्यांच्या पाया पडायला हवं होतं.

पत्रात काय होतं ते थोडक्यात. बांध भिजलाय. मी स्वतः मोजलंय. तू रोज बघतेस ते पान खोटं आहे. ती पानं भाऊजींनी आधीच लिहून ठेवलेली आहेत, त्यांच्या बदलीच्या आदल्या दिवसापर्यंतची, आणि मी ती डब्यात बसवली. ग्लासात बसला होता तो बांधाच्या पोटातला गाळ. तुझा पुदिना त्याच पाण्यावर वाढतो.

रविवारी चिमीला घेऊन नणंदेकडे जा, असंही लिहिलं होतं, पण काल तू तिथे नव्हतीस. सासूबाई फोनवर म्हणाल्या, 'कोण येणार होतं? मला तर कोणी काही बोललं नाही.' मग मी डब्याशी बोलायला बसले. डबा गप्प. कोणीतरी त्याची वायर काढलीय. मला वाटलं, चला, निदान पान तरी बंद पडलं असेल, आता लोक विचारतील.

पान उघडलं, ताई. हिरवं. दोन पुरुष खाली.

डब्याशिवाय उघडलं. फोल्डर उचलायचं, कुठल्याही कंप्युटरवर ठेवायचं, एक ओळ चालवायची. मीच शिकवलं होतं. ते आता कुठून येतंय हे मला माहीत नाही आणि ते थांबवणं माझ्या हातात नाही. पहिल्या गाडीने निघाले.

आज सकाळी तुझ्या दारात आले होते. तुला कोणी सांगितलं का? दार भाऊजींनी उघडलं, अर्धंच. पायात बूट होते.

'काय मेहुणीबाई, न कळवता?'

'ताईला बोलवा.'

'ती झोपलीय. चिमीला ताप आहे, जागरण झालंय.'

'भाऊजी, मी टेप सोडली होती.'

'माहीत आहे. तुझं अक्षर छान आहे.' ते खूप थकलेले दिसत होते. डोळे लाल. मग हळू आवाजात म्हणाले, 'इतकी वर्षं उभा आहे तो बांध. महिनाभर उभा राहील. तू फक्त तिला घाबरवू नकोस.'

'तुमची आई तिथे आणि ही इथे, असं का?'

मला वाटलं, आता बाजूला होतील. एक क्षणभर त्यांचा हात दाराच्या कडेवरून सुटलाही होता. तेवढ्यात समोरच्या घरातून कोणीतरी हाक मारली, 'साहेब, आज किती?' आणि त्यांनी मान वळवून, नेहमीच्या आवाजात सांगितलं, 'दोन पुरुष खाली. निवांत राहा.' मग दार लागलं.

मी आळीत चार घरं गाठली. चौघांनीही मला चहा विचारला आणि फोन दाखवला. तुझ्या शेजारणीने माझ्या पाठीवर हात फिरवला. 'अगं, तूच केलंस ना हे पान? तुझी ताई किती कौतुक सांगते. मग तूच कशी घाबरतेस?' तिच्या हातात पुदिन्याची जुडी होती. तिच्या चपला ओल्या होत्या. पंपवाल्याच्या बहिणीच्या दाराला मात्र कुलूप आहे. तेवढं एकच घर रिकामं झालंय, आणि लोक म्हणतात, लग्नाला गेले असतील.

तुझ्या घरामागून आले. वाफ्याच्या पलीकडे कुंपणाशी आता बारीक ओहोळ वाहतोय. मी त्यात हात घातला. राखाडी आहे.

इथून वरच्या रस्त्याला जो बसथांबा आहे, टेकडीच्या वळणावर, तिथे मी बसलेय. म्हणजे हे बाईंना दिलं की तिथे जाऊन बसेन. तिथून तुझं मागचं दार दिसतं. चिमीला तापातच उचल, पांघरुणासकट. मागच्या दाराने ये, पायऱ्यांनी वर, रस्त्याने नको. भाऊजींनी पाहिलं तर त्यांनाही म्हण, चला. ते येतील असं मला खरंच वाटतं. त्यांना कोणीतरी चला म्हणायला हवंय.

आणि निघण्याआधी फोन बघू नकोस. मला माहीत आहे तुझा हात तिकडे जाईल. ते पान माझ्या हातचं आहे म्हणून तू त्याच्यावर विश्वास ठेवलास. हे अक्षरही माझ्याच हातचं आहे.

दार उघडण्याची वाट बघतेय,
तुझी फूटपट्टी